जखमेवरचं तेल, मलम किंवा लेप आमच्याकडे तपासायला देताना

इंदूरच्या रामबागेतल्या, नारायण बागेतल्या बऱ्याच मराठी घरांत जखमेवरच्या तेलाची एखादी बाटली असतेच. तेच तेल आता विकायला काढायचं म्हणून लोक आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि म्हणतात, "यानं जंतू मरतात का, तेवढं बघून द्या." ते आम्ही बघून देतोच. पण जंतू मरणं वेगळं आणि जखम भरणं वेगळं. जंतू तर फिनाईलनंही मरतात.

म्हणून आम्ही आधी पेशींची चाचणी करून घ्यायला सांगतो. त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे त्वचेचे जोडणारे तंतू बनवणाऱ्या पेशी बशीच्या तळाशी वाढवून त्यांचा सलग थर तयार होऊ देतात. मग बारीक नळीच्या टोकानं त्यावर एक सरळ ओरखडा काढायचा, तुमच्या औषधाचा अर्क घालायचा, लगेच फोटो घ्यायचा आणि साधारण २४ तासांनी पुन्हा घ्यायचा. दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत सरकत मधली फट बुजवतात. अर्क न घातलेल्या बशीतही फट बुजतेच, त्यामुळे तुमच्या अर्कानं ती लवकर बुजते का, एवढंच पाहायचं असतं. अर्क जहाल असेल तर पेशी गोल होऊन तळापासून सुटतात. जात्यादि या जखमेवरच्या आयुर्वेदिक तेलात मोरचूद, म्हणजे तांब्याचा जहाल क्षार असतो, तेव्हा अशा तेलाचं प्रमाण आम्ही फार सांभाळून ठरवतो.

तेल देणार असाल तर ज्या तिळाच्या तेलात औषध सिद्ध केलं, त्याच डब्यातलं थोडं नुसतं तेलही वेगळ्या बाटलीत आणा. ते नसेल तर गुण वनस्पतीचा की तेलाचा, हे सांगताच येत नाही. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

वनस्पतीची ओळखही पक्की हवी. ब्राह्मी म्हणून बाजारात मंडूकपर्णीही मिळते आणि नीरब्राह्मीही. जखमेच्या संदर्भात अभ्यास झालाय तो मुख्यतः मंडूकपर्णीतल्या एशियाटिकोसाइड या घटकाचा. पोरांचा गुडघा फुटला की चोळून लावतात ती एकदांडी असो की कडुनिंब, फुलासकट एक फांदी वर्तमानपत्रात दाबून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, बुरशी धरते. मंडीतून आणलेली सुकी मुळं, साली असतील तर शिसं, आर्सेनिक यांची तपासणी टाळू नका. आयुर्वेदिक फार्माकोपियाप्रमाणे (औषधांचा दर्जा ठरवणारा सरकारी ग्रंथ) शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग आहे, आर्सेनिकची ३.

कृती लिहून आणा: कोणता भाग, किती, काढा किती आटवला, आच कशी होती. आजीच्या वहीतलं पान असेल तर फारच उत्तम. हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं (भारत सरकारची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. जुने लेखी पुरावे मांडता आले म्हणूनच ते शक्य झालं. तुमची कृती आमच्याकडून बाहेर जात नाही, तसा लेखी करार आम्ही आधीच करतो.

उंदरांवरच्या चाचण्या आम्ही करत नाही. त्या नोंदणी असलेल्या केंद्रातच, प्राणी नीतिमत्ता समितीच्या परवानगीनं होतात. शिवाय उंदराची कातडी सैल असल्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसाच्या जखमेत नवी त्वचा धरण्याचा वाटा मोठा असतो. त्यामुळे उंदरावरचा चांगला आकडा माणसाला जसाच्या तसा लावू नका.

आमचा अहवाल म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. तो राज्याच्या आयुष परवाना अधिकाऱ्यांकडूनच घ्यावा लागतो. "प्रयोगशाळेत सिद्ध, हमखास गुण" असं लेबलवर छापायला आम्ही आमचं नाव देत नाही. आणि एक कळकळीची विनंती: तपासणी चालू असताना ते तेल मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेवर लावून पाहू नका. त्या पायात बधिरपणा असतो, जखम आत चिघळली तरी दुखत नाही, आणि त्यात गेलेले दिवस भरून निघत नाहीत. त्यांना आधी डॉक्टरांकडे न्या.