घबराट की तेजी? बायपोलरच्या औषधांची गल्लत इथंच होते

बायपोलर (मूड कधी खूप वर, कधी खूप खाली जाण्याचा आजार) असलेला माणूस डॉक्टरसमोर बसतो आणि सांगतो, जीव घाबरा होतोय, झोप नाही, डोकं थांबतच नाही, एका जागी बसवत नाही. सोबत आलेले घरचेही मान डोलावतात, हो ना, लई बेचैन असतो आजकाल. आता एवढ्याच माहितीवर दोन पार वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे खरीखुरी घबराट, अँग्झायटी. दुसरी म्हणजे मूड वर चढायला लागलाय, हायपोमेनिया सुरू होतोय, त्याला इथं आपण तेजी म्हणू. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण औषधं वेगळी, आणि एकीचं औषध दुसरीला दिलं तर कधी कधी तब्येत आणखी बिघडते.

मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे, त्याच्या गोळ्या, रिपोर्ट, फेऱ्या सगळं मीच बघतो, आम्ही अमळनेरकडचे. हे लिहायचं कारण एकच, की आपल्याकडं मानसोपचाराच्या डॉक्टरकडं जायच्या आधी माणूस गावातल्या दवाखान्यात जातो, मेडिकलवर विचारतो, आणि तिथं या दोन गोष्टी वेगळ्या करून कोणी विचारतच नाही.

सगळ्यात पहिला प्रश्न झोपेचा, आणि तो नीट विचारायचा. "झोप येते का" असं विचारलं तर दोघंही नाहीच म्हणणार. विचारायचं असं की रात्री झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी कसं वाटतं? घबराटवाल्याला झोप हवी असते, तो कूस बदलत पडतो, पहाटे डोळा लागतो आणि सकाळी अंग मोडून येतं, डोळे चुरचुरतात, कामाला हात लावावासा वाटत नाही. तेजीवाल्याला झोप नकोच असते. तीन तास झोपून उठतो आणि ताजातवाना, चार वाजता आंघोळ, पाच वाजता शेतात, आणि वर सांगतो की मला आता झोपेची गरजच राहिली नाही. हा फरक घरातल्या माणसाला चटकन कळतो, खुद्द पेशंटला कळत नाही, कारण त्याला त्या दिवसांत बरंच वाटत असतं.

दुसरं, डोक्यात काय चाललंय. घबराटीत विचार गोल फिरतात, तेच ते. कापूस विकू की ठेवू, भाव पडला तर, सोसायटीचं कर्ज कसं फेडू, पोरीची फी भरायची, परत कापूस विकू की ठेवू. विषय दोन-तीनच, आणि शेवट कायम वाईट. निर्णय काही होत नाही, कापूस घरातच पडून. तेजीत विचार उड्या मारतात. केळी लावू, ड्रिप टाकू, नाही नाही त्यापेक्षा भुसावळला गाळा घेऊ, ट्रॅक्टर आजच बुक करू, आणि रात्री दोनला पाहुण्याला फोन लावून भागीदारी पण ठरवून टाकतो. बोलण्यात मधे शिरायला जागा नसते. पैसे खर्च होतात, भांडणं होतात, गाडी जोरात चालवतो. घबराटलेला माणूस सहसा धोका टाळतो, तेजीतला धोक्याकडं जातो, हे ढोबळ आहे पण उपयोगी आहे.

तिसरं, किती दिवस. तेजी ठराविक काळात येते, माणूस नेहमीपेक्षा वेगळा झालाय हे आजूबाजूच्यांना दिसतं. डॉक्टर लोक जे निकष वापरतात त्यात हायपोमेनियासाठी सलग ४ दिवस आणि पूर्ण मेनियासाठी, म्हणजे याहून जोरदार तेजीसाठी, ७ दिवस धरतात (ॲडमिट करायची वेळ आली तर दिवस मोजत बसत नाहीत). सततच्या काळजीचा जो आजार आहे त्यात सहा महिने तरी बहुतेक दिवस चिंता असावी लागते, म्हणजे तो स्वभावासारखा चिकटलेला असतो. पॅनिकचा झटका आणखी वेगळा, तो काही मिनिटांत शिखराला जातो, छातीत धडधड, घाम, आता मरतो की काय अशी भीती, आणि मग उतरतो.

आता खरी अडचण. बायपोलर असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी अँग्झायटीचा आजारही असतोच. म्हणजे हे किंवा ते असं दरवेळी नसतं, दोन्ही एकदम असू शकतं. शिवाय मिक्स्ड नावाची अवस्था असते, त्यात मन खाली गेलेलं, रडू येतंय, जगण्यात अर्थ वाटत नाही, आणि त्याच वेळी अंगात तेजीची गती, चिडचिड, विचारांची पळापळ. ही अवस्था बाहेरून अगदी घबराटीसारखी दिसते आणि चुकते पण सगळ्यात जास्त हीच.

ही गल्लत औषधात कशी उतरते ते बघा. आपल्याकडं एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं, ती पट्टी लई चालते. जीव घाबरतो, झोप नाही म्हटलं की बऱ्याच ठिकाणी हीच लिहून मिळते. नुसती घबराट असलेल्या माणसाला त्याने फरक पडतोही. पण त्यातलं एसिटालोप्राम हे डिप्रेशनच्या औषधांपैकी आहे, आणि बायपोलरमध्ये मूड सांभाळणारं औषध सोबत नसताना अशी औषधं एकटी दिली तर माणूस तेजीत किंवा मिक्स्डमध्ये ढकलला जाऊ शकतो. दरवेळी होतंच असं नाही, पण धोका खरा आहे, म्हणून तज्ज्ञ डॉक्टर डिप्रेशनची किंवा घबराटीची नवीन केस आली की आधी विचारतात, कधी खूप भारी वाटणारे दिवस आले होते का, घरात कोणाला असा आजार होता का. ते ऐकून आपल्याला वाटतं हा काय विषय, मी तर घबराटीसाठी आलोय. प्रश्न महत्त्वाचा आहे, नीट आठवून उत्तर द्या.

क्लोनाझेपामचं वेगळं. ते तासाभरात शांत करतं, म्हणून रोगी म्हणतो हीच गोळी मला लागू पडली, बाकीच्या फुकट आहेत. ते घबराटही दाबतं आणि तेजीची गती पण थोडी दाबतं, त्यामुळं आत नक्की काय आहे ते झाकून जातं. महिनोन्‌महिने घेतलं की सवय लागते, तीच मात्रा पुरेनाशी होते, आणि एकदम बंद केलं तर घबराट दुप्पट होऊन परत येते, फिटसुद्धा येऊ शकते. दारूसोबत तर अजिबातच नको, श्वास मंदावतो. सुरुवातीचे काही आठवडे, बाकीच्या गोळ्या काम करायला लागेपर्यंत, हळूहळू कमी करत जायचं औषध म्हणून ते चांगलंच आहे.

मग कॉम्बिनेशन ठरतं कसं? साधारण क्रम असा की आधी मूड स्थिर करायचा, मग उरलेली घबराट बघायची. कारण मूड जागेवर आला की बऱ्याच जणांची घबराट आपोआप कमी होते, म्हणजे ती तेजीचीच किंवा मिक्स्डचीच होती. मूडसाठी लिथियम, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापीन, ओलान्झापीन यातलं एक किंवा दोन. लिथियम सगळ्यात जुनं, १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मेनियावर वापरलं आणि आजही ते पहिल्या रांगेत आहे, आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याचं नाव आहे. व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातल्या बायांना शक्यतो देत नाहीत, गरोदरपणात बाळाच्या मणक्याला आणि मेंदूला धोका असतो. घरात सुनेला किंवा लेकीला ही गोळी चालू असेल तर डॉक्टरशी यावर उघड बोला, पण लगेच स्वतःहून बंद करू नका. क्वेटियापीन बायपोलरच्या डिप्रेशनवर चालतं आणि घबराट, झोप यालाही हातभार लावतं, बदल्यात सुस्ती, वजन आणि शुगर वाढते. लॅमोट्रिजिन मन खाली जाण्यावर चांगलं, तेजीवर फारसं नाही, आणि ते फार सावकाश वाढवावं लागतं, आधी दोन आठवडे २५ मिलिग्रॅम, मग दोन आठवडे ५०, असं, आणि व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर याहून निम्म्यानं. घाई केली तर अंगावर जीवघेणं पुरळ येऊ शकतं. पाच-सहा दिवस गोळी चुकली तरी परत खालूनच सुरू करावं लागतं, म्हणून ते सरळ डॉक्टरला सांगायचं.

एवढं होऊनही घबराट उरली तर ती खरी घबराट. तिला बोलण्याचे उपचार, सीबीटी (विचार आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी पद्धत), हे पहिलं हत्यार आहे कारण त्याने मूड उडत नाही. नाहीच भागलं तर मूडची गोळी चालू ठेवून तिच्या आडोशाला सर्ट्रालीनसारखं डिप्रेशनचं औषध कमी मात्रेत, किंवा प्रीगाबालीन, असं डॉक्टर बघतात. प्रोप्रानोलॉल धडधड आणि हाताची थरथर कमी करतं, काळजी कमी करत नाही, आणि दमा असणाऱ्याला ते चालत नाही.

आता आणखी एक भानगड, बेचैनी औषधाचीच असली तर? मेनियासाठी दिलेल्या काही गोळ्यांनी, हॅलोपेरिडॉल, ॲरिपिप्राझोल वगैरे, पायात अशी तळमळ सुरू होते की बसवत नाही, उभं राहिलं तरी पाय हलवत राहतो, ओट्यावर येरझाऱ्या. घरचे म्हणतात घबराट वाढली, डोस वाढवा. डोस वाढवला की तळमळ आणखी वाढते. गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर काही दिवसांत हे सुरू झालं असेल तर तारखेसकट सांगा. थायरॉईड वाढल्यानेही धडधड, थरथर, वजन उतरणं होतं, साधी रक्ताची तपासणी आहे, करून घ्या.

आणि खान्देशात राहून लिथियम घेणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा, कारण ही गल्लत आपल्या हवेमुळं होते. लिथियमवर हात थोडा बारीक थरथरणं नेहमीचं आहे. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा ४५ च्या वर जातो, माणूस शेतात घाम गाळतो, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गाडीत बसून मामाच्या गावाला जातो, पाणी कमी पडतं. लिथियम किडनीतून मिठासोबत हाताळलं जातं, अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी मिठासोबत लिथियमही धरून ठेवते आणि त्याची रक्तातली पातळी चढते. मग हात जोरात थरथरतात, जुलाब, उलटी, चालताना तोल जातो, बोलणं जड होतं, गुंगी येते. घरचे म्हणतात ऊन लागलं, घाबरलाय, आणि क्लोनाझेपाम देतात. तसं करू नका, पुढची लिथियमची गोळी न देता लगेच दवाखान्यात न्या आणि आधी सांगा की हा लिथियमवर आहे. नेहमीची पातळी साधारण ०.६ ते १.० च्या आसपास ठेवतात, १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती. अंग दुखलं म्हणून मेडिकलवरून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, बीपीच्या काही गोळ्या, निर्जळी उपास, याने पण पातळी वाढते. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं. मीठ एकदम सोडू नका.

तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, रात्री नऊला गोळी तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. आमच्या ओळखीतल्या एकाने चहासोबत सकाळची गोळी घेतली आणि मग लॅबला गेला, पातळी जास्त आली, त्याचा डोस उगाच कमी झाला आणि पुढं तेजी आली. लॅबवाल्याने कधी गोळी घेतली हे विचारलंच नव्हतं.

या सगळ्याला वेळ लागतो आणि लोक तिथंच हरतात. लिथियमला तेजी उतरवायला एक ते तीन आठवडे, घबराटीच्या रोजच्या गोळ्यांना दोन ते सहा आठवडे, लॅमोट्रिजिनला तर पूर्ण मात्रेवर यायलाच दीड महिना. आठ दिवसांत फरक नाही म्हणून जळगावहून धुळं, धुळ्याहून नाशिक असे डॉक्टर बदलले की प्रत्येक जण नव्याने सुरुवात करतो आणि कशाने फरक पडला ते कोणालाच कळत नाही. एका वेळी एकच बदल करायचा, त्याला वेळ द्यायचा. पैशाची अडचण असेल तर सिव्हिल हॉस्पिटल आणि धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार बघतात, तिथं जायला लाजू नका.

आमची आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या खान्यात भाऊ किती तास झोपला तो आकडा लिहिते, आणि खाली एक अक्षर, "घ" म्हणजे घाबरला, "ते" म्हणजे तेजी वाटली. गोळी बदलली त्या तारखेला लाल गोल. डॉक्टरकडं जाताना ते पानच फाडून नेतो, रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून नेतो, अर्ध्यांवरचं औषधाचं नाव फाटलेलं असायचं म्हणून आता नाव शाबूत राहील अशा बेताने गोळ्या काढतो. एकदा सलग चार खान्यांत ४, ३, ३, ३ असे आकडे आणि खाली "घ" होतं, म्हणजे आईला तो घाबरलेला वाटला होता. डॉक्टरांनी आकडे बघूनच विचारलं, दिवसा थकलेला होता का? नव्हता. घबराटीची गोळी वाढवायच्या ऐवजी मूडची वाढवली.

आणि मन खाली गेलेलं असताना अंगात गती आहे, झोप उडालीय, मरणाचं बोलतोय, असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. याच वेळी जीवाचा धोका सगळ्यात जास्त असतो. एकटं सोडू नका, शेतातली फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्यांचा साठा कुलपात टाका, १४४१६ वर फोन लावा, ही टेलिमानसची सरकारी मोफत सेवा आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलतात, आणि फोन चालू असतानाच दवाखान्यात न्यायला गाडी बघा.