कादंबरीला मान, नाटकाला तुरुंग : आफ्रिकी कथासाहित्यातील भाषेच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

जुलै १९७७ मध्ये केनियन लेखक न्गुगी वा थिओंगो यांच्या ‘पेटल्स ऑफ ब्लड’ या इंग्रजी कादंबरीचे नैरोबीत प्रकाशन झाले, ते केनियाचे तत्कालीन अर्थमंत्री म्वाई किबाकी यांच्या हस्ते. स्वातंत्र्यानंतर सत्तेवर आलेल्या वर्गाने कष्टकऱ्यांचा कसा विश्वासघात केला, हेच त्या कादंबरीचे सूत्र होते. तरीही सरकारने ती रोखली नाही. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लिमुरूजवळच्या कामिरीथू गावात ‘न्गाहिका न्देंडा’ हे नाटक सुरू झाले. न्गुगी वा थिओंगो यांनी न्गुगी वा मीरी या सहलेखकासोबत लिहिलेल्या या नाटकात श्रीमंत जमीनदाराच्या डावपेचांमुळे आपली दीड एकर जमीन गमावणाऱ्या एका शेतमजुराची कहाणी होती, आणि ती गिकुयू या त्यांच्या मातृभाषेत होती. दीड महिन्यात प्रयोगांचा परवाना रद्द झाला; वर्षाच्या अखेरच्या दिवसांत न्गुगी वा थिओंगो यांना अटक झाली आणि कोणताही खटला न चालवता कामितीच्या तुरुंगात डांबण्यात आले. दोन्ही कृतींतला रोष एकाच जातीचा होता. बदलली होती ती भाषा, आणि भाषेबरोबर ऐकणारा माणूस. हा फरक एवढा निर्णायक का ठरला, याचे उत्तर आफ्रिकी कादंबरीच्या आरंभापासूनच शोधावे लागते.

आफ्रिकेतील अनेक भाषांना रोमन लिपी मिळाली ती मिशनऱ्यांकडून, बायबलच्या भाषांतरासाठी. छापखानेही त्यांच्याच हाती असल्यामुळे काय छापले जाईल आणि काय पडून राहील, हे तेच ठरवत. आजच्या लेसोथोमध्ये थॉमस मोफोलो यांनी झुलू राजा शाका याच्यावर सेसोथो भाषेत लिहिलेली ‘चाका’ ही कादंबरी दहा वर्षांहून अधिक काळ हस्तलिखितातच राहिली आणि १९२५ साली मोरिजा येथील मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडली. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या समाजाचे चित्रण जुन्या श्रद्धांकडे वाचकांना परत नेईल, अशी धास्ती मिशनमध्ये होती. म्हणजे स्वभाषेत लिहिणाऱ्यालाही स्वतःच्या वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी परक्याच्या दारातूनच जावे लागत होते. कोणत्या भाषेत लिहावे, या नंतरच्या वादात स्वभाषेचा पुरस्कार करणाऱ्यांनाही या अडचणीचा विसर पडून चालणार नव्हते.

नायजेरियाचे इग्बो भाषक लेखक चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या इंग्रजी कादंबरीचे १९५८ मध्ये लंडनहून झालेले प्रकाशन हा या इतिहासातला सर्वांना माहीत असलेला टप्पा आहे. तिच्या शेवटच्या परिच्छेदाकडे मात्र पुन्हा पुन्हा जावेसे वाटते. नायक ओकोंक्वोने आत्महत्या केल्यावर इंग्रज जिल्हा आयुक्त मनाशी म्हणतो की, आपण लिहिणार असलेल्या पुस्तकात या माणसासाठी एखादे प्रकरण नसले, तरी एक परिच्छेद देता येईल. ज्या आयुष्यावर वाचकाने आत्ताच सबंध कादंबरी वाचली आहे, ते वसाहतवादी नोंदवहीत किती ओळींत उरते, हे अचेबे कोणतेही भाष्य न करता दाखवतात. त्यांनी हे इंग्रजीत केले, पण ती इंग्रजी इग्बो म्हणींच्या आणि सभेत बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या लयीवर चालते. आपल्याला ही भाषा मिळाली आहे आणि आपण ती वापरणार, मात्र आफ्रिकी अनुभव पेलण्यासाठी ती वाकवावी लागेल, अशी त्यांची भूमिका होती. मिशनऱ्यांनी वेगवेगळ्या बोलींची मोट बांधून बायबलसाठी तयार केलेली ‘युनियन इग्बो’ त्यांना निर्जीव वाटत असे, हेही त्यांच्या निवडीचा विचार करताना लक्षात घ्यायला हवे.

जून १९६२ मध्ये युगांडातील कंपाला येथील माकेरेरे महाविद्यालयात आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. अचेबे, वोले सोयिंका, एझेकिएल म्फाहलेले असे लेखक तिथे होते आणि तेव्हा विद्यार्थी असलेले न्गुगीही होते. परिषद ‘इंग्रजीत अभिव्यक्ती करणाऱ्या आफ्रिकी लेखकां’ची होती, त्यामुळे स्वाहिलीतील थोर कवी शाबान रॉबर्ट किंवा योरुबा कादंबरीकार फागुन्वा यांना नियमानेच तिथे जागा नव्हती, पण हाती दोन-चार इंग्रजी कथा असलेला विद्यार्थी मात्र आत जाऊ शकत होता. पुढच्याच वर्षी ओबी वाली या नायजेरियन समीक्षकाने कंपालाहून निघणाऱ्या ‘ट्रान्झिशन’ मासिकात लिहिले की, युरोपीय भाषांत लिहिलेल्या साहित्यालाच आफ्रिकी साहित्य मानत राहिलो, तर ही वाट पुढे बंद आहे. त्या लेखावर तेव्हा बरीच टीका झाली. मला तो या सगळ्या वादातला सर्वांत धाडसी लेख वाटतो.

न्गुगींना हा प्रश्न पुस्तकातून भेटला नव्हता. गिकुयू समाजाने १९२९ नंतर मिशनपासून फारकत घेऊन स्वतःच्या शाळा काढल्या होत्या. इंग्रज सत्तेविरुद्धच्या माउ माउ या सशस्त्र लढ्याच्या काळात, ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी लागू झाली आणि त्या शाळांवर वसाहती सरकारने ताबा मिळवला. त्यानंतर शाळेच्या आवारात गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसत किंवा ‘मी गाढव आहे’ अशा अर्थाची पाटी गळ्यात अडकवली जाई. इंग्रजीत नापास झालेला विद्यार्थी इतर विषयांत कितीही हुशार असला, तरी नापासच ठरे. घरी मात्र शेतातून परतल्यावर चुलीभोवती त्याच गिकुयूत गोष्टी रंगत. त्यांचा थोरला भाऊ लढ्यात सामील होऊन जंगलात गेला होता आणि कामिरीथूची वस्ती आणीबाणीतील सक्तीच्या पुनर्वसनात नव्याने वसवली गेली होती.

१९६४ पासून ‘वीप नॉट, चाइल्ड’, ‘द रिव्हर बिटवीन’ आणि ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’ या त्यांच्या कादंबऱ्या ‘जेम्स न्गुगी’ या नावाने आल्या. बाप्तिस्म्याचे ते नाव त्यांनी पुढे टाकून दिले. १९६८ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह नैरोबी विद्यापीठातला इंग्रजी विभागच रद्द करून आफ्रिकी साहित्य केंद्रस्थानी ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. पण खरे वळण कामिरीथूनेच दिले. खुले रंगमंदिर गावकऱ्यांनी आपल्या हातांनी उभारले, शेतकरी आणि मजूर स्वतः भूमिका करू लागले, आणि तालमीत म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी असे शब्द शोभत नाहीत म्हणून प्राध्यापक असलेल्या न्गुगींची भाषा दुरुस्त करू लागले. ज्या भाषेसाठी शाळेत मार मिळत होता, तिचे शिक्षक आता हे गावकरी होते.

तुरुंगात न्गुगींनी ‘चैतानी मुथराबाइनी’ ही गिकुयू कादंबरी शौचालयाच्या कागदावर लिहिली. १९८० मध्ये ती प्रसिद्ध झाल्यावर कुटुंबांत आणि दारूच्या गुत्त्यांत मोठ्याने वाचली जाऊ लागली. लिहिता-वाचता न येणाऱ्यांपर्यंतही ती अशी पोहोचली. १९८२ मध्ये सरकारने कामिरीथूचे रंगमंदिर जमीनदोस्त केले आणि त्याच वर्षी परदेशी गेलेले न्गुगी तिथेच राहिले. १९८६ च्या ‘मातिगारी’ या गिकुयू कादंबरीचा नायक देशभर सत्य आणि न्याय कुठे मिळेल, असे विचारत फिरतो. न्गुगींनी नंतर लिहिल्याप्रमाणे, मातिगारी नावाचा कोणी माणूस लोकांना असे प्रश्न विचारतो आहे, अशी खबर मिळाल्यावर त्याच्या अटकेचे आदेश निघाले. तो कादंबरीतले पात्र आहे हे उमगल्यावर पोलिसांनी दुकानांतून पुस्तकाच्या प्रती जप्त केल्या. त्यानंतर कित्येक वर्षे ‘मातिगारी’ केनियाबाहेर इंग्रजी भाषांतरात वाचली जात होती, आणि ज्या गिकुयू वाचकांसाठी ती लिहिली होती, त्यांना स्वतःच्या देशातल्या दुकानात ती विकत मिळत नव्हती.