ज्वारीची भाकरी कुत्र्याला पचते का?

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर या शहरांत आता कुत्र्यांचं ‘ग्रेन-फ्री’ खाद्य मिळतं. धान्याचा कण नाही, म्हणून किंमतही जास्त. त्यासोबत एक सांगणं फिरतं: कुत्रा मुळात लांडगा, धान्य त्याच्या पोटासाठी नाहीच, भाकरी घालून तुम्ही त्याला आजारी पाडताय. चाकूर तालुक्यातल्या जानवळसारख्या गावात, जिथं कारवानी या शिकारी जातीच्या कुत्र्यांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिथल्या पाळणाऱ्यालाही आता कुणीतरी भाकरी बंद करायला सांगतं. हे सांगणं विज्ञानाचा आव आणतं, म्हणून ते तपासून घ्यायला हवं.

कुत्रा लांडग्यापासून आला हे खरं. पण तो लांडगा राहिला नाही, आणि हा बदल नेमका पोटात झाला. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले एरिक अॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत लांडगे आणि कुत्री यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट (स्टार्च) पचवणारं अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्वादुपिंडात तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्याकडं 2 प्रती सापडल्या. कुत्र्यांकडं 4 पासून 30 पर्यंत. त्यांच्या स्वादुपिंडात हे जनुक सुमारे 28 पट जास्त काम करत होतं. माणूस शेती करू लागला, त्याच्या वस्तीभोवती उष्टं-खरकटं, शिजलेलं धान्य पडू लागलं आणि ते पचवू शकणारी कुत्री तगली. युरोपातल्या सुमारे 7000 वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांच्या अवशेषांतही या वाढलेल्या प्रती मिळाल्या आहेत. शेतीशी संबंध न आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या डिंगो या रानकुत्र्याकडं मात्र लांडग्याइतक्याच, 2 प्रती आहेत.

आता भाकरीकडं येऊ, कारण खरी गंमत तिच्यात आहे.

ज्वारीच्या दाण्यात सुमारे सत्तर टक्के पिष्ट असतं. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. अमायलोज ही साधी सरळ माळ, अमायलोपेक्टिन ही फाटे फुटलेली. कच्च्या दाण्यात या माळा घट्ट रचून, जवळजवळ स्फटिकासारख्या होऊन, बारीक कणांत बसलेल्या असतात. तिथं अमायलेजला शिरायला फारशी जागा नसते. म्हणून कच्चं पीठ कुत्र्याला नीट पचत नाही. पाणी आणि उष्णता मिळाली की हे कण फुगतात, त्यांची रचना विस्कटते. ज्वारीत हे साधारण 70 अंश सेल्सियसच्या आसपास घडतं. विरी गेलेलं पीठ आपल्या आया-बहिणी आधणाच्या पाण्यात मळतात, ते याच कारणानं. ज्वारीत ग्लुटेन नाही, तेव्हा पिठाला जो चिकटपणा येतो तो फुगलेल्या पिष्टाचा. पुढं तव्यावर आणि आरावर उरलेलं काम होतं. भाकरी थापण्याआधीच पचनाची निम्मी तयारी परातीत झालेली असते.

कुत्र्याच्या लाळेत अमायलेज नगण्य. तसंही कुत्रं चावत नाही, गिळतं. त्यामुळं पिष्टाचं पचन सुरू होतं ते लहान आतड्यात, स्वादुपिंडाचा रस येऊन मिळाल्यावर. अमायलेज माळेतले सरळ जोड, म्हणजे अल्फा-1,4 बंध, मधूनमधून तोडतं. फाट्याजवळचे अल्फा-1,6 बंध त्याला तुटत नाहीत. त्यातून दोन मण्यांचं माल्टोज, तीन मण्यांचं माल्टोट्रायोज आणि फाटेवाले तुकडे उरतात. हे तुकडे आतड्याच्या अस्तरावरची माल्टेज-ग्लुकोअमायलेजसारखी विकरं सुटे करतात. शेवटी एसजीएलटी-1 नावाचं वाहक प्रथिन ग्लुकोजचा एक रेणू सोडियमच्या दोन आयनांसोबत पेशीत ओढून घेतं. उप्सालाच्या अभ्यासात कुत्र्यांमध्ये बदल दिसले ते फक्त अमायलेजमध्ये नव्हे, या तिन्ही पायऱ्यांवर. एवढी सगळी साखळी बदललेल्या प्राण्याला ‘धान्य चालत नाही’ म्हणणं चूक आहे.

शिळ्या भाकरीची गोष्ट थोडी वेगळी. भाकरी गार झाली की अमायलोजच्या माळा पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि काही पिष्ट परत कडक होतं. ते अमायलेजला दाद देत नाही आणि न पचता मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू त्यावर वाढतात आणि ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्लं बनवतात, जी आतड्याच्या अस्तराच्या पेशी वापरतात. थोडं असेल तर हे चांगलंच. पोटभर शिळीच घातली तर वायू होतो, शी पातळ होते.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र ज्वारी कमी पडते. तिचं मुख्य प्रथिन काफिरिन. ओलं शिजवताना त्याचे रेणू गंधकाच्या बंधांनी एकमेकांत जखडतात आणि त्याची पचनीयता घटते. शिवाय त्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फार कमी. कॅल्शियमही तोकडं. म्हणून नुसत्या भाकरीवर, किंवा भाकरी आणि पातळ ताकावर वाढवलेलं पिल्लू खुरटतं. दोष भाकरीचा नाही, सोबत अंडं, मटण, मासळी, दूध-दही यातलं काही नसण्याचा आहे. आणि कालवणात कुस्करलेला काला घालत असाल तर कांदा-लसूण पाहा. कांद्यातली गंधकयुक्त संयुगं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

अंगावर केस गेले, खाज सुटली की ‘धान्याची उष्णता’ म्हणतात. खरूज होते ती बारीक किडीनं, ज्वारीनं नाही. अन्नाची अॅलर्जी असलेल्या सुमारे 300 कुत्र्यांच्या नोंदींचा आढावा 2016 साली निघाला. त्यातल्या 34 टक्के कुत्र्यांना गोमांसाची अॅलर्जी होती, 17 टक्क्यांना दुधाची, 15 टक्क्यांना कोंबडीची आणि 13 टक्क्यांना गव्हाची.

उलट अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2018 साली ग्रेन-फ्री खाद्यावरच चौकशी सुरू केली. हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि त्या कुत्र्यांतली बहुतेक वाटाणा-मसूर भरलेलं धान्यविरहित खाद्य खात होती. खाद्यामुळंच रोग झाला हे सिद्ध झालेलं नाही. पण ‘धान्य काढलं की आरोग्य आलं’ ही जाहिरात त्यानंतर तरी टिकत नाही.

धान्यातला खरा शत्रू आहे बुरशी. खरिपाची ज्वारी काढणीच्या तोंडावर पावसात सापडली की काळी पडते, मका ओला राहिला की त्याला बुरशी लागते. माणसांना नको ते कोंबड्यांना आणि कुत्र्याला, ही आपल्याकडची सवय घातक आहे. अॅस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष बनवते. यकृतातली विकरं त्याचं असं रूप करतात, जे थेट पेशीच्या डीएनएला चिकटतं. भाकरी भाजून ते नष्ट होत नाही. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन काविळीची साथ आली, शंभरावर माणसं गेली. त्या गावांत आधी कुत्री आजारी पडली होती.

अशा काविळीवर मंत्र घालून, गंडा बांधून उतारा शोधू नये, त्यात यकृताचा मोलाचा वेळ जातो. कुत्र्यानं अचानक जेवण सोडलं, उलट्या झाल्या, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले, पोटात पाणी झालं, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं. सोबत ते खात असलेलं पीठ किंवा खाद्य मूठभर घेऊन जावं.