आउटबोर्ड इंजिन पाण्याबाहेर काढल्यावर पायाची निगा

महेश्वर, ओंकारेश्वर आणि हनुवंतिया येथून इंदूरला आमच्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या आउटबोर्ड इंजिनांचा (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनांचा) वरचा भाग बहुधा ठणठणीत असतो. बिघाड असतो तो खाली, पाण्यात बुडणाऱ्या पायात, जेथे पंखा फिरवणारे गिअर तेलात बुडालेले असतात.

बोट बाहेर ओढल्यावर इंजिन वर तिरपे करून ठेवण्याची सवय सर्वत्र दिसते. त्याऐवजी पाय काही वेळ सरळ खाली सोडावा, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी पंपाने खेचलेले पाणी आपोआप निथळून जाते. गाडीतून नेताना इंजिनाचे डोके पायापेक्षा खाली जाऊ देऊ नये, कारण एक्झॉस्टमध्ये राहिलेले पाणी सिलिंडरपर्यंत उतरू शकते. फोर-स्ट्रोक इंजिन कोणत्या कुशीवर आडवे करावे, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. तेथे अंदाज चालत नाही. पावसाळ्यातील गढूळ नर्मदेतून आलेले इंजिन, पायावरील पाणी खेचणाऱ्या छिद्रांवर रबरी कप लावून, नळाच्या पाण्याने धुवावे, पण पाणी सुरू झाल्याखेरीज ते चालू करू नये, कारण पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) कोरडा फिरल्यास अल्पावधीतच खराब होतो.

गिअरचे तेल मात्र निराळी गोष्ट आहे. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे इंजिन रात्रभर सरळ उभे ठेवून सकाळी खालचा ड्रेन प्लग किंचित सैल केला, तर पाणी असल्यास तेच आधी बाहेर येते. तेल दुधाळ दिसल्यास पाणी त्यात घुसळले गेले आहे असे समजावे. प्लगच्या चुंबकावरील बारीक काळपट लगदा नेहमीचा असतो. धातूचे कण मात्र आम्हाला अवश्य दाखवावेत.

पाणी निघाले म्हणून प्लग उघडे ठेवून पाय वाळवत ठेवणारे ग्राहक आम्हाला भेटतात. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो, कारण तेलाचा थर निघून गेलेल्या बेअरिंगवर दमट हवेने गंज चढतो. नवे तेल थोडे भरून, पंखा हाताने फिरवून ते काढून टाकावे आणि त्याच दिवशी पुन्हा पूर्ण भरावे. भरताना तेल खालच्या छिद्रातून ढकलावे, वरच्या छिद्रातून बुडबुड्यांशिवाय वाहू लागले की आधी वरचा आणि मग खालचा प्लग बसवावा. दोन्ही वॉशर नवे वापरावेत, त्यांत काटकसर परवडत नाही. एरवी बहुतेक इंजिनांचे हे तेल 100 तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलतात.

मात्र तेल बदलल्याने पाणी शिरण्याचे कारण जात नाही. घाटाजवळ चालणाऱ्या बोटींच्या पंख्यामागे गळाचा नायलॉन दोरा, निर्माल्यातील धागे, क्वचित अर्पण केलेल्या चुनरीची चिंधीही गुंडाळलेली सापडते, आणि तोच दोरा ऑइल सील (शाफ्टभोवती तेल आत व पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) कापतो. म्हणून पंखा अधूनमधून उतरवून शाफ्ट पुसावा व ग्रीस लावावे. धावून तापलेला पाय एकदम गार पाण्यात थांबला की आतील हवा आकुंचन पावते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते, हे दुसरे कारण.

परदेशी पुस्तिकांत पाणी गोठून गिअरबॉक्स फुटण्याचा जो इशारा असतो, तो माळव्यात फारसा लागू पडत नाही. आपल्याकडील शत्रू गंजच आहे.

दुधाळ तेल आढळल्यास ते फेकू नये. पारदर्शक बाटलीत भरून इंजिनासोबत आणावे. पाणी किती होते हे पाहून सील बदलण्याचा अंदाज आम्ही त्याच वेळी सांगू.