बोट तुमची, टिलर पाहुण्याच्या हाती: सामाईक, उसन्या आणि अदलाबदलीच्या नॅरोबोटीचा विमा

ईस्टरची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे एकाच धाटणीचे फोन सुरू होतात. "अहो, लेस्टरचा आतेभाऊ चार दिवस बोट मागतोय. देऊ ना?" द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही फक्त विचारतो, "विमा कंपनीला कळवलंत?" मग पलीकडून हमखास उत्तर येतं, "पण तो काही परका नाही हो!"

हे पत्रक त्या उत्तरासाठी छापलं आहे. आपला आणि परका हा भेद पॉलिसीच्या कागदावर नसतो. तिथे मुख्यतः दोनच गोष्टी पाहतात. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, कोणाच्या हातात होता, आणि बोटीच्या बदल्यात काही दिलं-घेतलं गेलं का.

आम्ही इंग्लंडात मिल्टन कीन्सजवळ ग्रँड युनियन कालव्यावर नॅरोबोटींची, म्हणजे कालव्यातल्या लांबट अरुंद बोटींची, देखभाल करणारी छोटी मंडळी. विमा विकत नाही, कोणाचं कमिशन घेत नाही. तुमच्या पॉलिसीचा अर्थ तुमची विमा कंपनीच सांगेल. आम्ही सांगतोय ते बोटी धुता-रंगवताना आणि क्वचित पाण्याखालून वर काढताना जे दिसलं त्यावरून.

परवाना आहे म्हणजे सगळं आहे, असं नाही

1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याप्रमाणे कालव्यावर बोट ठेवायला तीन गोष्टी लागतात: बोट सेफ्टी योजनेचं प्रमाणपत्र, विमा, आणि बोट बांधायला स्वतःची जागा. जागा नसेल तर कुठेही सलग 14 दिवसांहून जास्त न थांबता खरोखर फिरत राहायचं. 2012 पासून इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत आणि परवानाही तेच देतात. त्यांची विम्याची अट आहे ती तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानभरपाईची, किमान 20 लाख पौंडांची.

इथेच पहिली गफलत होते. ही अट पुरी करणारी स्वस्त पॉलिसी तुमच्या बोटीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरते, तुमच्या बोटीचं नाही. आतेभावानं बोट बुडवली तर शेजारच्या बोटीचा रंग भरून मिळेल, तुमचं घरटं गेलं ते गेलं. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी हवी. बोट जुनी असेल तर अशी पॉलिसी देण्याआधी बऱ्याच कंपन्या ती पाण्याबाहेर काढून तळाची तपासणी करायला सांगतात.

उसनी देताना

इथल्या कालव्यांवर खासगी बोट चालवायला चालकपरवाना लागत नाही. वेगमर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे काठच्या पायवाटेवरून झपझप चालणाऱ्या माणसाएवढीच. त्यामुळे मागणाऱ्यालाही वाटतं, देणाऱ्यालाही वाटतं, यात काय एवढं! पण 57 फुटी नॅरोबोट म्हणजे पंधराएक टन लोखंड, आणि तिला ब्रेक नाही. टिलर डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळतं. गाडी चालवणाऱ्या माणसाला हे डोक्यात बसायला अर्धा दिवस लागतो, आणि तोवर दोन बोटींना धक्के बसलेले असतात.

खरा धोका लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणाऱ्या दरवाज्यांच्या हौदात. वरच्या दरवाज्याखाली पाण्यात दगडी किंवा काँक्रीटचा कट्टा असतो. त्याला इथे सिल म्हणतात, म्हणजे आपला उंबराच. लॉकमधून खाली उतरताना बोटीचं शेपूट या उंबऱ्यावर राहिलं तर पाणी उतरेल तशी मागची बाजू अधांतरी टांगली जाते आणि नाक खाली जातं. पुढून पाणी आत शिरलं की काही मिनिटांत बोट तळाला. काठावर उंबऱ्याची जागा दाखवणारी पांढरी रेघ असते. ती रेघ ज्याला कोणी दाखवलेली नाही त्याला ती रंगाचा फराटा वाटते.

आमच्या एका ग्राहकाचे मित्र असेच अडकले. लॉकवरच्या एका आजोबांनी आरडाओरडा केला, कोणीतरी धावत जाऊन पॅडल (पाणी सोडायची झडप) खाली सोडलं, बोट वाचली. कपबश्या फुटल्या आणि सुकाणूखालची लोखंडी पट्टी वाकली. बोट पाण्याबाहेर काढून काम करावं लागलं. पॉलिसी सर्वसमावेशक होती, हप्ता वेळेवर भरलेला होता, पण चालक म्हणून त्यात नवरा-बायको दोघांचीच नावं होती. बिल त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलं, मित्रांना कळूही दिलं नाही. मराठी माणसाची भीड, दुसरं काय!

तेव्हा पॉलिसी उघडून चालकाबद्दलचं वाक्य शोधा. काहींत नावं लिहिलेली असतात. काहींत 'मालकाच्या परवानगीनं चालवणारी कोणीही सक्षम व्यक्ती' अशा अर्थाचा मजकूर असतो. हा दुसरा मजकूर दिसला की लोक खूश होतात. पण सक्षम कोणाला म्हणायचं, यावर अपघातानंतर वाद घालण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. पाहुण्यानं आरवायएचा (रॉयल यॉटिंग असोसिएशनचा) हेल्म्समन, म्हणजे बोट चालवण्याचा, कोर्स केला असेल तर प्रमाणपत्राची प्रत जोडा. दोन दिवसांचा कोर्स आहे. वरचेवर बोट मागणाऱ्या नातेवाइकाला वाढदिवसाला तोच भेट द्यावा, असं आमचं प्रांजळ मत.

बोट नेमकी कोणत्या पाण्यावर जाणार, तेही विचारा. कालव्यापुरती असलेली पॉलिसी भरती-ओहोटीच्या पाण्यावर लागू असेलच असं नाही. ग्रँड युनियन ब्रेंटफर्डला टेम्सला मिळतो तिथे नदीला भरती-ओहोटी आहे, आणि उत्साही पाहुण्याला नकाशात ती फक्त पुढची निळी रेघ दिसते.

भारतातून आई-बाबा आले असतील आणि बाबांना विंडलास (लॉकची पॅडल उघडायची हँडल) फिरवायची हौस असेल, तर त्यांचा प्रवासविमाही काढून वाचा. बोटीवर कामाला हात लावताना झालेली इजा त्यात धरली आहे का ते पाहा. बोटीच्या पॉलिसीत बोटीवरच्या माणसांच्या इजेची भरपाई कितपत आहे, हे वेगळं पाहायचं. परवाना तुमच्या नावावर असल्यामुळे पाहुण्यानं बोट कुठेतरी 14 दिवसांहून जास्त बांधून ठेवली, तर ट्रस्टचं पत्र तुम्हालाच येईल, हेही त्याला सांगून ठेवा.

पैसे घेतले की गोष्ट बदलते

डिझेल भरून देणं, गॅसची टाकी बदलणं, हे चालतं का? बहुतेक वेळा चालतं, पण तेही विचारून घ्या. 'आठवड्याचे तीनशे दे, आपल्यात काय' हे मात्र चालत नाही. ते भाडं झालं. खासगी परवान्यावर बोट भाड्यानं देता येत नाही. त्याला ट्रस्टचा व्यावसायिक परवाना लागतो, भाड्याच्या बोटींसाठीच्या सुरक्षा तपासणीच्या जादा अटी लागतात आणि पॉलिसीही वेगळी लागते. रक्कम बँकेतून आली काय किंवा पाकिटातून, त्यानं काही फरक पडत नाही.

इथे कायद्यातली एक बारीक गोष्ट कामाची आहे. 2015 च्या विमा कायद्यानं ग्राहकाला एक संरक्षण दिलं आहे. तुम्ही मोडलेल्या अटीचा घडलेल्या नुकसानीच्या धोक्याशी संबंधच असू शकत नसेल, तर कंपनी त्या अटीकडे बोट दाखवून नकार देऊ शकत नाही. समजा अग्निशामकाची मुदत संपली होती आणि बोट चोरीला गेली, तर अग्निशामकाचं निमित्त पुढे करता येणार नाही. पण विमा मुळात कशाचा आहे हेच ठरवणाऱ्या अटींना हे संरक्षण नाही, आणि 'फक्त खासगी वापर' ही साधारण त्याच जातीची अट. म्हणून तीनशे पौंडांसाठी पन्नास हजारांची बोट पणाला लावू नका.

सामाईक बोट

गावाकडे सामाईक विहीर पाहिलेल्यांना हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. पाळी ठरलेली असते, मोटर जळेपर्यंत सगळे भाऊ गोडीत असतात. बोटीचंही तेच. चार कुटुंबांनी मिळून बोट घेतली, उन्हाळ्याचे आठवडे वाटून घेतले, इथपर्यंत सगळं छान. आमच्या मते भांडणाचं मूळ आठवडे वाटण्यात क्वचितच असतं. ते असतं विम्यातल्या एका आकड्यात, क्लेममधली पहिली ठरावीक रक्कम जी तुम्हालाच सोसावी लागते तिच्यात. ती कोणी भरायची? ज्याच्या आठवड्यात अपघात झाला त्यानं, की चौघांनी मिळून? आणि क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सवलत एकाच्या चुकीनं गेली, तर वाढलेला हप्ता कोणाच्या माथी? हे बोट घेण्याआधी लिहून ठेवा. नंतर लिहायला बसलात तर कागद फाटतो.

पॉलिसीवर सगळ्या मालकांची नावं हवीत. 'मी घेतो माझ्या नावावर, तुम्ही मला पैसे पाठवा' ही सोय पहिल्याच क्लेमला अंगाशी येते. प्रत्येकाचे जुने क्लेम, नाकारलेले अर्ज, जे काही अर्जात विचारलं असेल ते सगळ्यांनी खरं सांगायचं. 2012 चा ग्राहक विमा कायदा सांगतो की विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं वाजवी काळजी घेऊन द्यावीत. निष्काळजीपणे चूक झाली तर भरपाई कमी होऊ शकते. जाणूनबुजून खोटं सांगितलं तर कंपनी पॉलिसीच रद्दबातल ठरवू शकते, आणि तसं झालं की एकाच्या लपवाछपवीत बाकी तिघांचाही हात पोळू शकतो.

मालकीबद्दल आणखी एक. ट्रस्टचा परवाना म्हणजे सातबारा नव्हे. तो मालकी सिद्ध करत नाही. विक्रीपत्र जपून ठेवा आणि त्यात कोणाचा किती हिस्सा ते लिहा. आपण सोळा आण्यांत हिस्से मोजत आलो. ब्रिटिश जहाजांच्या नोंदणीत मालकीचे 64 भाग करायची जुनी पद्धत आहे आणि बोटीच्या विक्रीपत्राच्या नमुन्यांतही हा आकडा दिसतो. म्हणजे चार आणे म्हणजे 16 भाग, हिशोब सोपा.

एखाद्या मालकाला बाहेर पडायचं झालं तर किंमत कशी ठरवायची, दर दोन-तीन वर्षांनी तळाला काळा रंग द्यायचा खर्च कसा वाटायचा, आणि एका मालकाच्या आठवड्यात त्याचा मेहुणा बोट चालवू शकतो का, हे करारात असू द्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पॉलिसीशी जुळतं का ते तपासा. करारात 'हो' आणि पॉलिसीत 'नाही' असं आम्ही एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

अदलाबदल

एक आठवडा माझी बोट तुला, तुझं घर मला. यात पैसा हलत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण मोबदला म्हणजे पैसाच असं नाही. घर वापरायला मिळालं, हाही मोबदला धरला जाऊ शकतो. कंपनीला थेट 'अदलाबदल' हा शब्द वापरून विचारा, 'मित्र राहायला येतोय' असं गुळमुळीत नको. दुसऱ्या बाजूला घराचा विमाही असतो, तोही ज्याच्या त्यानं विचारायचा.

बोटीच्या बदल्यात बोट असेल तर अनुभव जुळतो का पाहा. आमच्या पट्ट्यात फेनी स्ट्रॅटफर्ड ते कॉसग्रोव्ह लॉकच नाहीत आणि फेनी स्ट्रॅटफर्डचं लॉकही जेमतेम फूटभर उंचीचं. इथे दहा वर्षं बोट चालवलेला माणूस फॉक्सटनला पायऱ्यांसारख्या चढत जाणाऱ्या दहा लॉकवर नवखाच. फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदीवरच्या खासगी बोटीशी अदलाबदल करणार असाल तर तिथे चालकाला प्रमाणपत्र लागतं. भाड्याच्या बोटीवर पर्यटकांना मिळणारी सूट खासगी बोटीला लागू नाही. आणि इथली पॉलिसी तिथे चालेल असं गृहीत धरू नका.

किल्ली देण्याआधी

विमा कंपनीला ईमेल करा, फोन नको. त्यात चालवणाऱ्याचं नाव, अनुभव, तारखा, कोणता कालवा, पैसे किंवा दुसरा मोबदला आहे की नाही, बोटीवर कोणी राहणार का, एवढं लिहा. 'असं असताना पॉलिसी पूर्ण लागू राहील का, कृपया लेखी कळवा' असा शेवट करा. उत्तर आलं की त्याची एक प्रत बोटीवरच्या फाइलमध्ये ठेवा. इंग्रजी मजकूर जुळवायला मदत हवी असेल तर आमच्याकडे या, त्याचे पैसे घेत नाही.

पाहुण्याला बोट दाखवायला पुरता एक तास द्या. प्रोपेलरला अडकलेलं गवत काढायची झडप घट्ट लावायची हे दोनदा दाखवा. ती सैल राहिली की इंजिन सुरू करताच पाणी आत येतं. रोज संध्याकाळी शाफ्टचा (प्रोपेलरच्या दांड्याचा) ग्रीसचा स्क्रू फिरवायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म 2019 च्या एप्रिलपासून राहण्याजोग्या बोटींवर सक्तीचा आहे. तो वाजला तर स्टोव्ह बंद करून आधी माणसं बाहेर काढायची, कारण मागाहून शोधायचं. हिवाळ्यात बोट देत असाल तर परत आल्यावर नळातलं पाणी काढलं का ते स्वतः जाऊन पाहा. गोठून फुटलेल्या नळांबद्दल बऱ्याच पॉलिसींत वेगळी अट असते.

अपघात झालाच तर फोटो, वेळ, लॉकचा क्रमांक, साक्षीदारांचे फोन नंबर घ्या आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. जागेवर चूक कबूल करणारं काही लिहून देऊ नका. क्लेम नाकारला गेला आणि तो अन्याय वाटला तर आधी कंपनीकडे तक्रार करा. आठ आठवड्यांत अंतिम उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाता येतं. तिथे ग्राहकाला फी नाही, पण कंपनीच्या अंतिम पत्रापासून सहा महिन्यांच्या आत जायला हवं.

बोट कोणाला देणार असाल तर आम्हाला किमान दहा दिवस आधी सांगा. शुक्रवारी संध्याकाळी पाचला पाहुणे धक्क्यावर बॅगा घेऊन उभे असताना विमा कंपनीत फोन उचलायला कोणी नसतं, आणि आम्ही लेखी उत्तर पाहिल्याशिवाय आमच्याकडे ठेवलेली दुसरी किल्ली देत नाही. आतेभावालाही नाही.