लाईट बिल अचानक वाढले? आधी युनिट पाहा, मग घर तपासा

डिचोली, साखळी, पेडणे भागातल्या आमच्या वायरिंग-दुरुस्तीच्या ग्राहकांसाठी

बिल हातात पडले की नजर थेट रकमेवर जाते. कारण शोधायचे असेल तर रक्कम बाजूला ठेवा आणि किती युनिट लागले ते पाहा. मग मागच्या वर्षीचे त्याच महिन्याचे बिल काढून त्याच्याशी ताडून पाहा. मे महिन्याची तुलना ऑगस्टशी केली तर काहीच कळत नाही. चवथीला मुंबई-पुण्याची मंडळी घरी उतरली असतील, तर त्या महिन्याचे युनिट वाढणारच.

युनिट तेवढेच आणि रक्कम मात्र जास्त, असे असेल तर घरातल्या वायरिंगचा दोष नाही. दर बदलला असेल, मागची थकबाकी लागली असेल, किंवा इंधन आणि वीजखरेदीच्या खर्चाचा अधिभार वाढला असेल. आपल्याकडचे, म्हणजे गोव्यातले, दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. घरगुती दराचे टप्पे १००, २००, ३०० आणि ४०० युनिटांवर बदलतात आणि पुढच्या टप्प्यातले युनिट महाग पडते. म्हणून युनिट थोडे वाढले तरी रक्कम त्याहून जास्त वाढलेली दिसते. बिल किती दिवसांचे आहे तेही वाचा.

बंद घरांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार दिसते. मीटर आत ओसरीवर, दाराला कुलूप, त्यामुळे रीडिंग मिळत नाही आणि सरासरीचे बिल येत राहते. मग एक दिवस खरे रीडिंग घेतले जाते आणि साठलेले सगळे युनिट एकाच बिलात येतात. अशा वेळी दराचे टप्पे तितक्या महिन्यांच्या हिशेबाने लावले आहेत का ते बघा. तसे नसेल तर वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात बिल दुरुस्तीचा अर्ज द्या. बिलावरचे रीडिंग आणि मीटरवरचा आजचा आकडा जुळतो का हेही त्याच वेळी पाहून घ्या. मोबाईलवर मीटरचा फोटो काढून ठेवणे सर्वात उत्तम.

युनिटच वाढले असतील तर

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो: तितक्या वेळा दिवा लागला की एक युनिट झाले. आता घरातली सगळी उपकरणे बंद करा, फ्रीज, इन्व्हर्टर आणि टीव्हीच्या बॉक्सचे प्लगसुद्धा काढा, आणि दिव्याकडे बघत थांबा. काहीच चालू नसताना ३२०० च्या मीटरवर दर १० सेकंदांनी दिवा लुकलुकत असेल, तर सुमारे ११० वॅट वीज सतत कुठेतरी जाते आहे. महिन्याला ती ८० युनिट होते.

मग एमसीबी (बोर्डावरचे, जास्त भार आला की आपोआप पडणारे स्विच) पाडा. सगळे पाडल्यावर दिवा थांबला, तर एकेक वर करत जा. ज्या एमसीबीनंतर दिवा पुन्हा लुकलुकू लागेल, त्या लाईनीत गळती आहे. मेन स्विच पाडूनही दिवा लुकलुकतच असेल, तर मीटर सदोष आहे किंवा मीटर आणि मेनच्या मधून कोणी तरी वायर घेतली आहे. हे काम वीज खात्याचे. मीटरचे सील तुम्ही तोडू नका, आम्हीही तोडत नाही.

तिसरी शक्यता आपल्याकडच्या वाटणी झालेल्या जुन्या घरांत फार आढळते आणि तिच्यावरून भावाभावांत विनाकारण वाद होतात. सगळे एमसीबी खाली, तरी दिवा लुकलुकतो, आणि मेन पाडला की मात्र थांबतो. याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की दोन बिऱ्हाडांची न्यूट्रल वायर (करंट परत नेणारी) आत कुठेतरी जोडली गेली आहे. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल या दोन्ही वायरींतला करंट मोजतात आणि जो जास्त भरेल त्यावर युनिट धरतात. शेजारच्या खोलीत इस्त्री चालू झाली आणि तिचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून परत गेला, तर तो तुमच्या मीटरवर चढतो. जुन्या चकतीच्या मीटरांना हे कळत नसे. त्यामुळे नवा मीटर लागला आणि बिल वाढले, असे सांगणाऱ्या घरी आम्ही मीटरला दोष देण्याआधी न्यूट्रल तपासतो. यात कोणी वीज चोरलेली नसते. वाटणीच्या वेळी घाईने केलेले वायरिंग असते आणि न्यूट्रल वेगळी केली की प्रश्न सुटतो. काही मीटरांवर 'ईएल' किंवा 'अर्थ' अशी खूण असलेला वेगळा दिवा असतो. तो पेटलेला दिसला तर आम्हाला जरूर सांगा.

विहिरीचा पंप

वाढलेल्या बिलाचे कारण पंपात निघाले, तर ते आम्ही सर्वात गंभीर समजतो. एक अश्वशक्तीचा पंप रोज एक तास जास्त चालला, तर महिन्याला तीसेक युनिट वाढतात. फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळतो, पाणी उतरते, पंप कोरडा फिरत राहतो. किंवा संडासाच्या फ्लशमधून टाकीचे पाणी गुपचूप वाहत असते आणि पंप पुन्हापुन्हा लावावा लागतो. एवढेच असेल तर दुरुस्ती सोपी आहे.

पण पाण्यातल्या पंपाची केबल सोललेली असेल, तर वीज जमिनीत उतरते. अर्धा अँपिअर गळती म्हणजे महिन्याला ८० हून अधिक युनिट, आणि तेवढ्याने साधा एमसीबी पडतही नाही. पंपाचा स्विच चुकून फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असेल, तर पंप बंद असतानाही मोटारीत फेज राहते आणि गळती दिवसरात्र चालू असते. अर्धा अँपिअर माणसाचा जीव घेण्यास पुरेसा आहे. पंपाच्या पाइपला, नळाला किंवा ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मेन पाडा, मुलांना लांब ठेवा आणि लगेच फोन करा. बिलाचे नंतर बघता येईल. चिऱ्यांच्या भिंती पावसाळ्यात पाणी धरतात, म्हणून जूनमध्ये वाढलेले बिल आम्ही कधीच हलके घेत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) प्रत्येक घरात हवाच, असे आमचे ठाम मत आहे. तो सारखा पडतो म्हणून काढून टाकू नका. तो पडतो, कारण गळती आहे.

बाकीची उपकरणे

गिझर: १५ लिटर पाणी चांगले तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. थर्मोस्टॅट अडकला किंवा स्विच दिवसभर चालू राहिला, तर युनिट वाढत जातात.

एसी: दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट घेतो. मांद्रे, मोरजी, हरमलच्या बाजूला खाऱ्या वाऱ्याने एसीच्या बाहेरच्या भागाची जाळी खराब होते, गार होत नाही आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. तापमान २४ अंशांवर ठेवा.

फ्रीजच्या दाराचे रबर आणि इन्व्हर्टरची बॅटरी वर्षातून एकदा बघून घ्या. जुनी बॅटरी सारखी चार्जिंगवरच असते.

मीटरवरच संशय असेल तर

वीज खात्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यावर ५ दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवायचा असतो आणि किमान ३ महिने दोन्हींचा आकडा ताडून पाहायचा असतो. तेवढ्याने समाधान झाले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्यानंतर वीज लोकपाल. अर्जाचा मसुदा हवा असेल तर दुकानात या, आम्ही विनामूल्य लिहून देतो.

आम्हाला बोलावताना वर्षभराची बिले, मीटरचा फोटो आणि वरच्या तपासणीत काय दिसले ते तयार ठेवा. आमचा माणूस क्लॅम्प मीटर (करंट मोजणारा) आणि मेगर (वायरीचे आवरण तपासणारे यंत्र) घेऊन येईल. तपासणीच्या वेळी घरातली वीज थोडा वेळ बंद ठेवावी लागते आणि वाटणीचे घर असेल तर शेजारच्या बिऱ्हाडातलेही कोणी तरी हजर हवे.