उन्हाळी, क्रॅनबेरी आणि पाणी: एका जुन्या इलाजाची कथा

लघवीला आग होते, थेंब थेंब होते, जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटतं. मराठीत याला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. जुनी समजूत या शब्दातच बसलेली आहे: अंगात उष्णता वाढली म्हणून आग होते, तेव्हा थंड काहीतरी घ्या आणि पाणी प्या. यातलं कारण पुढे खोटं ठरलं, पाणी मात्र टिकलं.

खरं कारण कळायला एकोणिसावं शतक सरत आलं. थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये आतड्यातल्या एका जंतूचं वर्णन केलं. तोच आजचा ई. कोलाय. बायकांना होणाऱ्या मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गांत बहुतेक वेळा हाच सापडतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांब आणि गुदद्वार जवळच, त्यामुळे जंतूला मूत्राशय गाठायला वेळ लागत नाही. म्हणजे दोष शरीररचनेचा. ‘स्वच्छता पाळत नसशील’ हे टोमणे बायकांनी उगाच ऐकून घेतले.

जंतू माहीत नसतानाही इलाज होतेच. चरकसंहितेत मूत्रकृच्छ्राचे, म्हणजे लघवी त्रासाने होण्याचे, आठ प्रकार दिले आहेत आणि लघवी मोकळी करणाऱ्या दहा वनस्पतींचा एक गटही. गोखरू, पाषाणभेद, दर्भ त्यातलेच. युरोपात बेअरबेरी या झुडपाच्या पानांचा काढा चालायचा. १९३० च्या दशकात सल्फा औषधं आली, मागोमाग प्रतिजैविकं आली आणि या सगळ्याला ‘आजीबाईचा बटवा’ म्हणून बाजूला सारलं गेलं. पुढे जंतू प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले, तेव्हा संशोधकांनी तो बटवा पुन्हा उघडला.

त्यातली सगळ्यात नाट्यमय कहाणी क्रॅनबेरीची. १९१४ मध्ये ब्लॅदरविक या संशोधकाने दाखवलं की हे फळ खाल्ल्यावर लघवीची आम्लता वाढते. आम्लात जंतू मरतात, म्हणून क्रॅनबेरी गुणकारी, असा सरळ हिशेब मांडला गेला आणि तो कित्येक दशकं चालला. नंतर लक्षात आलं की माणूस पिऊ शकेल एवढ्या रसाने आम्लतेत म्हणावा असा फरक पडतच नाही. हा इलाज तिथेच संपायचा, पण १९८४ मध्ये सोबोटा या संशोधकाने वेगळंच काही दाखवलं: क्रॅनबेरीचा रस जंतूंना मारत नाही, चिकटू देत नाही. ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांनी मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला धरलं नाही, तर लघवीबरोबर जंतू वाहून जातो. १९९८ मध्ये या गुणाचं श्रेय फळातल्या प्रोअँथोसायनिडिन या द्रव्यांना मिळालं.

तरी प्रत्यक्ष उपयोग किती, यावर मत फिरत राहिलं. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याने (यात एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासतात) शिफारस करायला नकार दिला. (रस पिणाऱ्या अनेकींनी तो मध्येच सोडला होता, रोज तो आंबटढाण रस पिऊन पाहा, मग कळेल.) २०२३ मध्ये त्याच आढाव्याच्या नव्या आवृत्तीत ५० चाचण्या आणि ८,८५७ जण होते, आणि निष्कर्ष उलटला: वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांमध्ये धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतो. वृद्धाश्रमातल्या स्त्रिया आणि गरोदर स्त्रियांमध्ये मात्र फायदा दिसला नाही.

डी-मॅनोज या साखरेचं नशीब उलटं निघालं. ई. कोलायचे तंतू पेशींवरच्या मॅनोजलाच धरतात, हे १९७७ मध्येच कळलं होतं. म्हणजे ही साखर खाल्ली की जंतू तिलाच चिकटून बाहेर पडेल. तर्क क्रॅनबेरीच्या तर्काहून कितीतरी पक्का. २०१४ च्या एका चाचणीने आशा वाढवली आणि दुकानांत तिच्या भुकट्या आल्या. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ५९८ स्त्रियांवरच्या मोठ्या चाचणीत संसर्गाचं प्रमाण डी-मॅनोज घेणाऱ्यांत ५१ टक्के आणि नुसती दुसरी साखर घेणाऱ्यांत सुमारे ५६ टक्के आलं. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतपतच.

आणि पाणी? सगळे सांगायचे, पण नीट तपासलं कुणी नव्हतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बल्गेरियातल्या चाचणीत, मुळात कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. निम्म्या जणींनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, उरलेल्या जणींना ३.२ वेळा. सगळ्यात साध्या उपायाचा आकडा सगळ्यात ठसठशीत निघाला.

हे सगळं संसर्ग टाळण्याबद्दल झालं. झालेला संसर्ग बरा करणं ही वेगळी गोष्ट, आणि तिथे बटवा तोकडा पडतो. जर्मनीत बेअरबेरीचा अर्क प्रतिजैविकासमोर उभा करून पाहिला. अर्क घेणाऱ्या बऱ्याच जणींचं प्रतिजैविकाविना भागलं, पण त्रास त्यांनी जास्त सोसला आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचल्याच्या घटनाही त्यांच्यातच जास्त होत्या. म्हणून थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगड्यांखाली एका बाजूला दुखू लागलं, लघवीत रक्त दिसलं, किंवा बाई गरोदर असेल, तर काढ्याच्या भरवशावर एक दिवसही न थांबता डॉक्टरकडे जायचं.